थाळीचा निरोप

त्या दुष्काळात आमच्या माळावरच्या वस्तीत फोनला रेंज नव्हती, आणि तलवाड्याकडून येणारा टँकर वर चढायचा नाही. तो खाली डांबरी रस्त्यावर थांबायचा, तोही मर्जीनं, कधी सकाळी, कधी भर दुपारी. बैलगाडीत पिपं घालून आम्ही उतरेपर्यंत तो गेलेला असायचा. माणसं कशीबशी भागवायची, पण म्हशींचं काय? त्या आटल्या तर बायकांची दूध सोसायटी बंद, आणि ती माझ्या मायनं दारोदार फिरून उभी केलेली.

मग बायकांनी युक्ती काढली. एकीनं खाली बसायचं आणि टँकर दिसला की रस्त्याकडेच्या बाभळीवर लाल लुगडं टाकायचं. झकास! पण एक दिवस खालच्या कुणीतरी धुतलेलं लुगडं तिथंच वाळत घातलं. सगळी वस्ती धडपडत खाली, आणि रस्ता मोकळा. दुसऱ्या दिवशी खरा टँकर आला, लुगडं पडलं, तर कुणी जागचं हललं नाही. म्हशी तहानेनं रेकत राहिल्या.

माय माझ्यावरच उखडली. "काय शिकतीस गं तू? निरोप धाडायचंच शिकतीस ना?"

मी तेव्हा कम्युनिकेशन इंजिनीअरिंगला. बोलणं झोंबलं, पण खोटं नव्हतं. जी खूण आपोआपही घडू शकते ती काय कामाची? आणि गोंधळातून निरोप पोचवायचा तर तो मुद्दाम गरजेपेक्षा जास्त पाठवावा लागतो. दुष्काळात उन्हाची काही टंचाई नव्हती. मी स्टीलची थाळी उचलली. दोनदा चमकवायची, थांबायचं, मग तीनदा. वरून तस्संच उत्तर येईपर्यंत पुन्हा पुन्हा. घासताना थाळी चमकेल, पण अशी मोजून नाही चमकणार. एखादी चमक धुळीत गेली तरी बाकीच्यांवरून कळेल.

"एकदा सांगून भागत न्हाई?" मायनं विचारलं.

"न्हाई भागत."

आम्ही दोघी रस्त्यावर बसलो, वर वस्तीत माझी काकी दुसरी थाळी घेऊन. टँकर आला तो नेमका वावटळीत. मी हात भरून येईपर्यंत थाळी हलवली. ड्रायव्हर वैतागला, त्यानं गाडी सुरू केली. तेवढ्यात माळावर चमकलं. दोनदा. मग धूळ. मग पुन्हा दोनदा, आणि स्पष्ट तीनदा!

माय टँकरपुढं जाऊन उभी राहिली. "थांब. वस्ती निघाली."

"कुठं? मला तर कुत्रं बी दिसंना."

"वरून उत्तर आलंय. माझ्या लेकीनं बसवलंय ते, चुकत न्हाई."

माझा ऊर असा भरून आला की थाळी खाली ठेवायचं सुचेना. ड्रायव्हरनं माझ्याकडं बघितलं, माळाकडं बघितलं आणि गाडी बंद केली. पहिली बैलगाडी उतारावर दिसली, तोवर माय त्याला माझं कॉलेज कुठं हाय ते सांगून मोकळी झाली होती.