हुंकारावर लिहिलेले पेपर

माझ्या खोलीच्या दोन्ही बाजूंना, वर आणि खाली, सगळी 'नीट'ची, डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेची पोरं राहतात. लातूरच्या या गल्लीत घरांवर मजले चढलेत ते त्यांच्याचसाठी. त्यांच्यात तिशी ओलांडलेली मी एकटी; सकाळी कॉलेजात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवणारी आणि उरलेल्या वेळात पीएच.डी. करणारी. पोरं जिन्यात मला वाट देतात, 'आंटी' म्हणतात आणि कानात बोळे घालून परत पुस्तकात शिरतात. आंटी म्हटल्याचा मला राग येतो. पण कॉलेज सुटल्यावर माझ्याशी कुणी बोललेला तेवढा एकच शब्द असतो, त्यामुळे रागावून परवडत नाही.

माझा विषय निजामाच्या काळातल्या आमच्याकडच्या शाळा. त्यावरचे पेपर मी कसे लिहिते, हे माझ्या नांदेडच्या गाइडना, म्हणजे सरांना, मी कधी सांगितलं नाही. त्यांना वाटतं मी आधी आराखडा करते. आराखडा मला जन्मात जमलेला नाही. मी वाचते, चिठ्ठ्यांवर टिपणं काढते, चिठ्ठ्या पलंगावर पसरते, इकडच्या तिकडे करते आणि चहा पिऊन पुन्हा पहिल्यासारख्या लावते. त्या दिवसांत झोपायला जमिनीवर. मग एका संध्याकाळी गच्चीवर जाऊन हदगावला आईला फोन लावते आणि अख्खा पेपर तिला तोंडी सांगते.

आमच्या घरी गोष्ट ऐकायची एक रीत होती. ऐकणाऱ्यानं 'हं' म्हणत राहायचं. हुंकार थांबला की सांगणाऱ्यानंही थांबायचं, मग राजा जंगलात अडकलेला का असेना. लहानपणी आई सांगायची आणि मी हुंकार द्यायचे. पीएच.डी.ला लागल्यापासून उलटं झालं. आईला निजामाशी काही देणंघेणं नव्हतं, तिला माणसं लागायची. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला शाळेत मास्तर सापडला नाही, एवढं मी सांगितलं की ती विचारायची, मंग मास्तर गेला कुठं व्हता? ते मला माहीत नसायचं. मी चिडून फोन ठेवायचे आणि पुन्हा कागद धुंडाळायला बसायचे, कारण एकदा तिनं विचारल्यावर मास्तर सापडेपर्यंत मलाही पुढचं सुचायचं नाही. जिथं ती 'हे न्हाई समजलं' म्हणायची, तिथं हमखास माझ्याच डोक्यात गोंधळ असायचा.

फोन झाला की खोलीत येऊन बोललेलं सगळं ताजं असताना उतरवायचं. नंतर त्याला संशोधनाचे कपडे चढवायचे: 'उपरोक्त', 'सदर', तळटिपा. पहिले दोन पेपर असेच झाले. सर म्हणाले, तुझ्या लिखाणाला ओघ आहे. मी मान खाली घालून कौतुक घेतलं. खरं तर सबंध जगात माझं ऐकून घेणारं माणूस एकच होतं आणि ओघ तिच्यापायी होता.

तिसऱ्या पेपरला आईनं कुठंच अडवलं नाही. उर्दू माध्यमाचा किचकट भाग, धोरणांची गिचमीड, सगळ्यावर एकसारखं हं, हं. मी खूश. म्हटलं, आता आपल्याला लिहिता यायला लागलं. पाठ थोपटायला दुसरं कुणी नसलं की माणूस स्वतःची फार लवकर थोपटून घेतं.

हा पेपर छापून आल्याशिवाय प्रबंध जमा होणार नव्हता आणि नोंदणीची मुदत संपत आली होती. म्हणून मी तो घेऊन स्वतःच नांदेडला गेले. सर भला माणूस. वाईट बोलायचं असलं की आधी चहा मागवतात. चहा आला तेव्हाच मी काय ते समजले. ते म्हणाले, वाक्यं बरोबर आहेत, पण तुला काय म्हणायचंय ते मला कळलं नाही, आणि मला कळत नसेल तर परीक्षकाला काय कळणार.

लातूरच्या त्या खोलीत परत जाववेना. स्टँडवर हदगावची गाडी लागली होती, तीत बसले. रस्ताभर मी आईवर मनातून चिडले होते. जे माझं मलाच कळलं नव्हतं, ते तिला बरं कळलं.

घरी पोचले तेव्हा भाऊ आणि वहिनी शेतात होते. आई ओसरीवर सूप घेऊन डाळ निवडत बसली होती. मी कागद काढले आणि सांगायला लागले. ती हं, हं करत राहिली. मध्येच चहा ठेवायला आत गेले आणि आतूनच विचारलं, पत्तीचा डबा कुठंय. 'हं,' आई म्हणाली. पुन्हा विचारलं. पुन्हा 'हं'. मी बाहेर येऊन तिच्या पाठीमागं उभी राहिले आणि अर्थ नसलेलं काहीबाही बोलले. माझा आवाज थांबला की ती डाळीवरची नजर न काढता हुंकार देत होती.

समोर बसून कानाशी तोंड नेलं आणि विचारलं, कधीपासून?

"वरीस झालं असंल," ती म्हणाली. "समोरच्याचं तोंड बघून कळतं. फोनमधी निसता आवाज येतो तुझा, बोलणं कळत न्हाई."

मग सांगितलं का नाहीस, असं मी जरा जोरातच विचारलं. तिनं सूप खाली ठेवलं.

"सांगितलं असतं तर पेपर सांगायची बंद झाली असतीस. मंग फोन कशाला केला असतास?"

ती खोटं बोलत नव्हती. त्या दुपारी मी सगळा पेपर तिच्या कानाशी ओरडून पुन्हा सांगितला आणि दुसऱ्याच पानावर तिनं मला अडवलं. पुढं भावानं तिला नांदेडला नेऊन कानाचं मशीन घेतलं. ते किरकिर करतं म्हणून तिनं कपाटात ठेवून दिलंय.

पेपर पुन्हा लिहिला. या खेपेला सरांनी चहा मागवला नाही. स्वीकारल्याचा मेल आला त्या संध्याकाळी मी गच्चीवर गेले. खाली पोरं आपापल्या दिव्यांखाली बसली होती. बातमी सांगायला कुणीच नव्हतं, म्हणून आईला फोन लावला.

"नवा पेपर हाय का?" तिनं विचारलं.

तिला खरं ऐकू जाईल असं ओरडले असते तर सगळी गल्ली गोळा झाली असती. मी 'हाव' म्हणाले आणि पेपर सांगते त्याच आवाजात माझं स्वतःचंच सांगायला लागले. डबा येतो तो पुस्तक समोर धरून खाते. रविवारी दिवसभर तोंडातून शब्द निघत नाही आणि सोमवारी वर्गात पहिलं वाक्य बोलताना घसा बसलेला असतो. प्रबंध झाल्यावर काय करायचं, ते मला ठाऊक नाही. कधीकधी इथं कुणाला माझं नाव तरी माहीत असेल का, असं वाटतं. हे मी तिला एरवी कधीच सांगितलं नसतं. आता सांगता येत होतं, कारण तिला कळणार नव्हतं. ती वेळच्या वेळी हं म्हणत होती.

मग एका ठिकाणी हुंकार आला नाही. मी थांबले.

"ह्यो पेपर न्हाई," आई म्हणाली. "काय झालं, बाई?"