कोंबडीचा धडा

निजामाच्या अमलात मी सिरसाळ्याजवळच्या एका खेड्यात शाळामास्तर होतो. रागीट म्हणून माझा लौकिक होता, आणि तो मी मेहनतीने कमावला होता. पण शाळेत तीन लेकरं अशी होती की त्यांच्यापुढे माझा रागही थकला. एकाला ऐकू कमी यायचं. दुसऱ्याला अक्षरं ओळखू यायची, पण त्यांचा शब्द काही जुळायचा नाही. तिसरी कुंभाराची पोर. ती दर ओळीला "कावून?", म्हणजे "का?", विचारायची आणि धडा तिथेच बसकण मारायचा.

अशात शाळा तपासणारे मोहतमीम साहेब दौऱ्यावर येणार, असा हुकूम आला. वाचलेलं ज्यांना कळत नाही त्यांची नावं हजेरीपटातून खारीज व्हायची होती. म्हणजे ही तिघं जन्मभर गुरांमागे. मला ते सहन होईना. त्यांचा मला लळा लागला होता, हे तोवर मलाही ठाऊक नव्हतं.

सरकारी पुस्तक त्यांच्या डोक्यावरून जायचं, म्हणून मीच एक गोष्ट लिहिली. कोंबडीच्या घरी पाहुणा येणार असतो. ती अंगण सारवते, मसाला वाटते, चूल पेटवते आणि मग पाहुण्याला विचारते, "काय खाणार?" गोष्ट तिथेच संपायची. पुढचं पोरांनी ओळखायचं.

नीट समजावं म्हणून मी घरची कोंबडी वर्गात आणू लागलो. कमी ऐकणारा पाहुणा झाला. दुसरा चूल झाला आणि महिनाभर तोंड उघडं ठेवून बसला. पोरगी रोज विचारायची, "मास्तर, तिनं चूल कावून पेटवली?" मी म्हणायचो, "तूच सांग." मग ती कोंबडीकडे बघत बसायची. बायको म्हणाली, "तिघांच्या आधी कोंबडीच पास होईल."

साहेब आले त्या सकाळी कोंबडी गायब. दौऱ्यावरच्या साहेबाला मास्तरानं कोंबडी खाऊ घालायची, हा तिकडचा रिवाज. मी गाव पालथं घातलं, शेजाऱ्यावर आळ घेतला आणि घामाघूम होऊन शाळेत पोचलो.

पुढच्या रांगेतल्या हुशारांनी गोष्ट एका दमात म्हणून दाखवली. साहेबांनी विचारलं, "मग पाहुण्यानं काय खाल्लं?"

"ते लिवलेलं न्हाई जी," एकजण म्हणाला.

तिघांपैकी तर कुणी तोंडच उघडेना. चूल झालेल्यानंही आज नेमकं मिटलं होतं. साहेबांनी हजेरीपट पुढे ओढला, टाक शाईत बुडवला.

तेवढ्यात पाट्यांच्या पेटीतून कोंबडी ओरडली. साहेबांच्या शिपायानं झाकण उघडलं. आमचीच होती. खाली टोपीचं अंथरूण, शेजारी ज्वारीचे दाणे.

"कुणी केलं हे?" मी कडाडलो.

कुंभाराची पोर उभी राहिली. "आमी तिघांनी. आज पाव्हणा येणार व्हता. तुमच्या घरी मसाला वाटायलेत, चूल बी पेटलीय. कोंबडीला वाचता येत न्हाई, मास्तर. आमाला येतं."

साहेबांनी टाक पुन्हा शाईत बुडवला. मग त्यांनी शेरा लिहिला: या शाळेत धडा फक्त तिघांना समजला आहे. नावं पटावर राहिली आणि साहेब पिठलं-भाकरी खाऊन गेले.

शेरा खरा होता. गोष्ट मीच लिहिली होती, आणि सकाळी मसाला वाटायलाही मीच सांगितलं होतं.