आम्हा दोघी जावांची दोन दारांची गाडी

आमच्या घरातल्या कुठल्याच गाडीत मोकळी जागा कधी राहिली नाही. टोमॅटोचे क्रेट, खताच्या गोण्या, लग्नाला निघालेले पाहुणे, आणि उरलेल्या फटीत आम्ही दोघी जावा. निमगाव साव्यात आमची रोपवाटिका आहे. अक्कानं, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाईंनी, आणि मी मिळून उभी केलेली. पोरं मार्गाला लागली तशी अक्का एक दिवस म्हणाली, "आता आपल्या दोघींपुरती गाडी घ्यायची. दोन दारांची. मागं कुणाला बसवायचंच न्हाई."

घरातले हसले. पण नारायणगावात जुन्या गाड्या विकणाऱ्याकडे खरोखरच तशा दोन दारांच्या दोन गाड्या, म्हणजे कूपे, उभ्या होत्या. एक लहान इंजिनाची, तेल कमी पिणारी, कापडी सीटची. दुसरी काळीभोर, भारीतली, आतून सगळी चामड्याची आणि जोरकस. विकणारा ओळखीचा. म्हणाला, "एकेक दिवस वापरून बघा, मग ठरवा."

मला लहान पुरेशी वाटली. अक्का मात्र काळीपासून हलेना. जिनं जन्मभर साडीसुद्धा टिकाऊ बघून घेतली ती बाई म्हणत होती, "मला जोरवालीच पायजे."

"कशाला अक्का? आपल्याला काय शर्यत लावायचीय?"

तिनं काळीच्या बॉनेटवर हात ठेवला. मग म्हणाली, "तुझ्या वडलांचं जास्त झालं तवा डिंभ्याच्या पुढच्या चढाला पिकअप कशी रडत व्हती! तू शेजारी गप बसलेली. मला वाटत व्हतं, उतरावं आन् ढकलावं."

माझं माहेर तिकडं, आंबेगावच्या डोंगरात. फोन आला तेव्हा घरातले पुरुष बाजाराला गेलेले. अक्कानं हातातला रोपांचा ट्रे खाली ठेवला आणि चिखलाच्या पायांनीच पिकअप काढली. जाण्याआधी वडिलांनी मला ओळखलं, माझा हात धरला, ते तिच्यामुळे. मला आठवत होतं ते पोचणं. ती मात्र इतकी वर्षं तो चढच मनात घेऊन होती.

"मग त्याच रस्त्यानं नेऊन बघू," मी म्हणाले.

पहिल्या दिवशी काळी नेली. गतिरोधकांवर तिचं पोट घासायचं, पण चढ तिनं चुटकीसरशी मागे टाकला. अक्का लहान मुलीसारखी हसली. माहेरच्या दारात मात्र सीट इतकी खाली की तिला उठताच येईना. मी दोन्ही हात धरून तिला बाहेर ओढलं, तेव्हा माझी आई हसून हसून ओट्यावर बसली.

दुसऱ्या दिवशी लहान नेली. चढ आला तशी अक्कानं गिअर खाली घेतला. इंजिनानं थोडा आवाज केला, आणि गाडी आपली चढत राहिली. माथ्यावर तिनं कडेला घेऊन थांबवली.

"चढली की गं!" तिनं पदरानं डोळे पुसले. "हीच घेऊ. हिच्यातनं मला उठता तरी येतं."

दुपारी माहेरी जेवायला बसताना आईनं अक्काला शेजारी बसवून घेतलं, तिच्या पाठीवरून हात फिरवला. "माझ्या लेकीला तू वेळेत आणलीस. तवा दुःखात बोलायचं राहून गेलं व्हतं, पोरी."

तेच तर मलाही कधी नीट म्हणता आलं नव्हतं.

अक्का लाजून म्हणाली, "जेवा की आधी, भाकरी गार व्हतीय."