खुर्चीवाल्या रेकॉर्डची झांज

झांज ऐकू आली नाही तेव्हा मी आधी रेकॉर्ड काढणाऱ्यांना शिव्या घातल्या.

रेकॉर्ड नवी कोरी होती. जुन्या जॅझची मूळ ध्वनिमुद्रणं पुन्हा नव्यानं दाबून काढतात, त्यांना आम्ही रीइश्यू म्हणतो, त्यातली. आतल्या कागदाला अजून कारखान्याचा वास होता. सावेडीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये मी ती सकाळी लावली, नवरा भाजी आणायला गेल्यावर. तो घरात असला की जॅझ सुरू होताच "काय गं, भांडी पडली का?" हे ठरलेलं. इतकी वर्षं झाली तरी त्या विनोदाला तो स्वतःच पहिल्यांदा हसतो.

पियानो आला, बास आला. हे गाणं मला तोंडपाठ आहे. पियानोची पहिली ओळ संपते तिथं ड्रमवाला झांजेवर हलकेच काडी टेकवतो आणि तिचा आवाज विरत विरत जातो, तेवढ्यात बासच्या जाड तारा पुढे सरकतात. त्या जागेसाठी मी ही रेकॉर्ड मागवली होती. ती जागा आली आणि गेली, आणि तिथं काहीच नव्हतं.

मी सोनईच्या डॉक्टरांना फोन लावला. हे तिथले लहान मुलांचे डॉक्टर, आमच्या जॅझच्या कंपूतले तिसरे. म्हटलं, "डॉक्टर, मेल्यांनी झांज खाऊन टाकलीय. मागवू नका."

"माझी परवाच आली की, ताई," ते म्हणाले. "झांज मस्त आहे. उलट जुन्यापेक्षा उघडी वाटते."

"दिवसभर पोरांची रडारड ऐकता तुम्ही. तुम्हाला झांज काय कळणार!"

ते हसले, मीही हसले आणि फोन ठेवला. मग मी सुई पुसली, वायरी काढून पुन्हा लावल्या, आवाज वाढवला. शेवटी कपाटातून दुसरीच रेकॉर्ड काढली, भलत्याच ड्रमवाल्याची, आणि मग तिसरी. एकाही रेकॉर्डमध्ये झांज नव्हती. सगळे ड्रमवाले एकाच सकाळी झांज विसरतील हे शक्य नव्हतं. प्लेअर बंद करून मी भिंतीला टेकून उभी राहिले, आणि नवरा आला तेव्हा पिशवी घ्यायलासुद्धा हलले नाही.

त्यानंतर एकेक गोष्ट आठवू लागली. कपडे धुऊन झाल्यावर मशीन टुंटुं करतं, ते बंद करायला हल्ली नवराच उठायचा आणि म्हणायचा, "केव्हाचं बोंबलतंय ते!" डास मला चावत होते, पण गुणगुणत नव्हते. मला वाटायचं, बरं झालं, शांतता आहे.

माझे वडील शेवटी ठार बहिरे झाले होते. मिरजगावच्या घरी लग्नकार्य असलं की त्यांना नवा सदरा घालून ओट्यावर बसवत. येणारा जाणारा त्यांना नमस्कार करायचा आणि पुढे जाऊन दुसऱ्याशी बोलायचा. ते सगळ्यांकडे पाहून हसायचे, आणि भलत्याच ठिकाणी हसायचे. ते हसू मला अजून दिसतं. झांज हरवली त्या दिवसापासून मी आरशात पाहिलं की आधी तेच शोधायचे.

मला बहिरेपणाची भीती वाटत होती हे खरंच, पण त्याहून जास्त भीती रविवारची होती.

आमचा रविवार चाचांच्या दुकानात भरतो. चाचा सोफे-गाद्या दुरुस्त करतात. पूर्वी भिंगारच्या कॅम्पातले लष्करी अधिकारी बदली झाली की घरचं फर्निचर विकून जायचे आणि चाचा ते उचलायचे. अशाच एका दिवाणाच्या पोटात त्यांना जॅझच्या रेकॉर्डी सापडल्या. चाचांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांना आवडलं ते एका रेकॉर्डचं कव्हर, कारण त्यावर नुसती एक रिकामी खुर्ची होती. मी आमच्या सोफ्याला कव्हर शिवून घ्यायला गेले तेव्हा ती रेकॉर्ड दुकानात वाजत होती. चाचा मला कव्हर दाखवून म्हणाले, "गाणं लई भारी हाय ताई, पन ही खुर्ची बघा. स्प्रिंग बसलंय तिचं. आपल्याकडं दिली असती तर नीट केली असती." सोफ्याचं कव्हर राहिलं बाजूला. मी तिथं स्टुलावर बसून दोन्ही बाजू ऐकल्या आणि मला त्या दिवशी जे लागलं ते सुटलं नाही.

तेव्हापासून त्या रेकॉर्डला आम्ही खुर्चीवालीच म्हणतो. आता नव्यानं आलेली होती ती हीच.

आणि आमच्यात एक रिवाज आहे. कुठल्याही रेकॉर्डचा रीइश्यू आला की जुनी आणि नवी आलटून पालटून लावायची. एकानं लावायची, बाकीच्यांनी भिंतीकडे तोंड करून बसायचं आणि कुठली नवी ते ओळखायचं. बाजू संपेपर्यंत बोलायचं नाही आणि काही झालं तरी मागं वळून बघायचं नाही. बसायला कुणाचा ना कुणाचा दुरुस्तीला आलेला सोफा असतोच. या परीक्षेत मी कधी चुकले नव्हते. "ताईंचे कान" हा आमच्यात शेवटचा शब्द. डॉक्टर माझ्या भरवशावर रेकॉर्डी मागवायचे. ते गेलं तर मी तिथं कोण? चहा पिऊन, मान डोलावून घरी येणारी बाई. म्हणजे पुन्हा ओटा आणि नवा सदराच.

रविवारी जाऊच नये असं ठरवलं होतं. पण मग वाटलं, जुन्या खुर्चीवालीला खरखर भरपूर आहे. कॅम्पातल्या कुठल्या साहेबानं तिच्यावर काय काय सांडलं होतं देव जाणे, तव्यावर मोहरी तडतडावी तशी ती वाजायची. तसली तडतड मला अजून ऐकू येत होती, हे कपाटातल्या रेकॉर्डींवर कळलं होतं. झांज नाही तर नाही, खरखरीवरून ओळखू. अशी कॉपी करायची तयारी करून मी गेले.

डॉक्टर आणि मी भिंतीकडे तोंड करून बसलो. चाचांनी पहिली रेकॉर्ड लावली. पियानो आला, बास आला, खरखर नव्हती. म्हणजे ही नवी. मला जरा हायसं वाटलं. मग त्यांनी दुसरी लावली. पियानो आला, बास आला. खरखर नव्हती.

मी कान टवकारले. काहीच नाही. दोन्ही रेकॉर्डी माझ्यासाठी सारख्याच गुळगुळीत, सारख्याच अर्ध्या. समोर भिंतीवर रेक्झिनच्या नमुन्याचे तुकडे टांगले होते, त्यांचे रंग मी बघत राहिले. ही परीक्षा मी कशी देणार होते! बाजू संपली आणि चाचा म्हणाले, "बोला ताई."

"दुसरी नवी," मी म्हणाले. अंदाजानंच.

मग चाचांनी एवढ्या मोठ्यानं टाळी वाजवली की मी दचकले. "डॉक्टर, ऐकलं का? ताईंना पन वळकलं न्हाई! दुसरी जुनी हुती, जुनी!"

मग कळलं ते असं. चाचांनी आठवडाभर खपून जुनी रेकॉर्ड साफ केली होती. सुतारकामाचा पांढरा डिंक असतो, लाकूड चिकटवायचा, तो त्यांनी अख्ख्या रेकॉर्डवर ओतून पसरला, रात्रभर वाळू दिला आणि सकाळी कातडं सोलावं तसा सोलून काढला. रेघांमधली सगळी घाण डिंकाला चिकटून आली. हे वेड दुसऱ्या कुणाच्या डोक्यात आलं नसतं, आणि ते साधलंही होतं. "म्या म्हन्लं, कुनाला सांगायचं न्हाई. ताईंचे कान फसले तर आपन पास." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तो डिंकाचा गोल पापुद्रा त्यांनी जपून ठेवला होता, तो माझ्या हातात दिला. त्यावर रेकॉर्डच्या रेघा जशाच्या तशा उमटल्या होत्या. मी "वा चाचा" म्हणाले आणि हसले. हसताना मला वडील आठवले.

डॉक्टर हसले नाहीत. दुकानाबाहेर आल्यावर ते हळूच म्हणाले, "ताई, नव्या रेकॉर्डची झांज एवढी उघडी आहे की ती कुणालाही ओळखू यावी. तुम्ही कान दाखवून घ्या. मी येतो सोबत." लहान मुलांना सुई टोचताना ते ज्या आवाजात बोलत असतील त्याच आवाजात बोलले. मला त्यांचा राग आला, आणि रडूही आलं.

कानाच्या तपासणीची खोली तुम्ही पाहिली नसेल तर पाहू नका. जाड मऊ भिंती, दार लावलं की स्वतःचं रक्त ऐकू येतं. हातात एक बटण देतात. आवाज आला की दाबायचं. आधी खालचे जाड आवाज आले, मी दाबलं. मग आवाज चढत गेले आणि एका जागी संपले. मी तरी दाबत होते. काचेपलीकडून मुलीनं हेडफोनमध्ये सांगितलं, "मॅडम, मी आत्ता आवाज सोडलेलाच नाही." मी लयीत दाबत होते! इतकी वर्षं जॅझ ऐकून पुढची मात्रा कुठे पडणार याचा अंदाज अंगात मुरला होता, तो मी त्या मुलीवर चालवत होते. तिनं दार उघडलं तेव्हा मी बटण तिच्या हातात देऊन टाकलं.

वरचे आवाज गेले आहेत आणि परत येणार नाहीत, असं कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं. मधले आहेत. ते किती टिकतील? तपासत राहू, म्हणाले. कानात ऐकायचं मशीन लावायला सांगितलं.

मशीन लावून मी घरी खुर्चीवाली लावली. झांज आली. पण ती झांज नव्हती, स्टीलच्या ताटलीवर कुणी चमचा आपटत होतं. नवरा शेजारच्या खोलीत होता. मी वाट पाहिली, पण भांडी पडली का असं त्यानं विचारलं नाही. येऊन माझ्या शेजारी बसला आणि निमूटपणे बाजू संपेपर्यंत ऐकत राहिला. तेव्हा मात्र मी खरंच घाबरले.

पुढच्या रविवारी मी लवकर गेले. डॉक्टर यायचे होते. चाचा एका उंच पाठीच्या खुर्चीचं जुनं रेक्झिन उतरवून बसले होते. मी मशीन काढून त्यांच्या समोर ठेवलं आणि म्हटलं, "चाचा, त्या दिवशी मला ऐकूच येत नव्हतं. झांज ना पहिलीत ऐकली, ना दुसरीत. अंदाजानं बोलले."

त्यांनी मशीनला हात लावला नाही. खाली पडलेले खिळे गोळा केले. मग म्हणाले, "म्हंजे मी पास झालोच न्हाई."

"रेकॉर्ड स्वच्छ झालीय, चाचा. तेवढं मला कळतं. खरखर खरंच गेलीय."

"ते हाय, पन तुमचे कान..." माझ्या हातावर त्यांनी हात ठेवला. हाताला डिंकाचा वास येत होता. मी म्हटलं, "मला भीती वाटते, चाचा. लई भीती वाटते." नवऱ्यालाही मी हे असं बोलले नव्हते.

"बसा," ते म्हणाले. "भिंतीकडं तोंड करून बसा."

"आता कसली परीक्षा?"

"परीक्षा न्हाई. बसा तर."

मी त्याच उंच पाठीच्या खुर्चीत बसले. तिची गादी, रेक्झिन सगळं निघालं होतं, पाठीला नुसती लाकडी चौकट लागत होती. मशीन मी परत कानात घातलं नाही. चाचांनी जुनी रेकॉर्ड लावली आणि माझ्या मागं उभे राहिले. पियानोची पहिली ओळ आली. ती संपली तिथं माझ्या पाठीशी लाकडावर एक बोट टेकलं. हलकेच, अगदी त्या जागी. मग पुन्हा. जिथं जिथं झांज, तिथं तिथं बोट. कुठं जोरात, कुठं नुसतं टेकवलेलं, कुठं नखानं ओढत नेलेलं, म्हणजे तिथं ड्रमवाला काडीऐवजी तारांचा ब्रश फिरवतो. खालून बास येत होता तो मी कानांनी ऐकत होते आणि वरचं सगळं पाठीनं. दार वाजलं, मग सोफा करकरला, डॉक्टर आले असावेत.

या गाण्यात एक जागा आहे, जिथं ड्रमवाला हात आवरतो आणि पियानो एकटाच राहतो. ती जागा येणार हे मला माहीत होतं, किती लांब आहे हेही माहीत होतं. तरी बोट थांबलं आणि माझा जीव गोळा झाला. वाटलं, आता हेही गेलं. आता पाठीलाही काही कळणार नाही, आणि पियानोही थोड्याच दिवसांत जाईल, आणि मी ओट्यावर बसलेली असेन. मला राहवलं नाही. इतक्या रविवारांत कुणीच केलं नव्हतं ते मी केलं. बाजू संपायच्या आधी मागं वळून बघितलं.

चाचा डोळे मिटून उभे होते. बोट खुर्चीच्या जरासं वर धरलेलं होतं, आणि ते झांजेची वाट बघत होते.