गिरणीचा हौद मी बंद केला नाही

आमच्या भोरच्या भातगिरणीच्या स्मरणिकेत छापलंय की बुडती गिरणी मी वाचवली. ते खोटं आहे आणि पहिल्यांदा मीच ते बोललो.

गिरणीचा जुना नियम असा, की आलेलं सगळं भात एका हौदात ओतायचं आणि वजनानं तांदूळ परत द्यायचा. मी व्यवस्थापक, नियमाचा राखणदार. लोक गावातल्या छोट्या गिरण्यांकडे वळले. मालक टाळं लावायच्या गोष्टी बोलू लागले.

एकदा उत्रोलीच्या एका म्हाताऱ्यानं तांदूळ हुंगला आणि पोतं माझ्यासमोर उलटं केलं.

"ह्यो माझा न्हाई, सायेब. मी आंबेमोहोर घातला हुता. ह्यो कुणाच्या बापाचा?"

मी नियम सांगितला. चाळणीवर काम करणारी मार्गासनी गावची बाई मात्र पुढं आली. "आजा, तुमचा तुमाला दिला तर परत याल?"

"यीन की. पर ह्या सायबाला मधी घालू नगं."

पुढं मी पंधरा दिवस आजारी होतो. तेवढ्या दिवसांत तिनं हौद बंद केला, अडगळीतलं छोटं यंत्र चालू केलं आणि प्रत्येकाचं भात वेगळं सडून दिलं. पोत्यांवरच्या खडूच्या खुणा कोंड्यानं पुसल्या, तशी पहिल्याच दुपारी तिनं खडू सोडला. ज्याच्या त्याच्या घरच्या लुगड्याची चिंधी पोत्याला बांधली. मी असतो तर खडू हंगामभर रेटला असता. पालीच्या खानावळींना कमी पॉलिशचा तांदूळ हवा होता, तोही तिनं दिला.

मी परतलो तेव्हा फाटकाबाहेर टेम्पोंची रांग होती. मालकांनी विचारलं, "हे कुणाच्या डोक्यातून आलं?" ती शेजारीच उभी होती. मी म्हणालो, "माझ्या."

ती चाळणीवर परत गेली आणि म्हातारी होईपर्यंत तिथंच राहिली.

गेल्या आठवड्यात तिच्या घरी जाऊन माफी मागितली. ती म्हणाली, "माजं नाव नगा छापू. माजी सून आता त्याच चाळणीवर हाय. माज्यापरीस लई हुशार. तिला तरी मुकादम करा."

मी मालकांच्या मुलाकडे जाऊन सगळं सांगितलं. आता कारभार त्याचा.

"काका, जुनं कशाला उकरता? तुमचीच लाज जाईल."

"जाऊ दे. तिची सून मुकादम होईपर्यंत मी रोज तुझ्या ऑफिसात बसणार आणि येईल त्याला हे सांगणार."

आज चौथा दिवस. त्यानं माझा चहा बंद केलाय. मी घरून थर्मास नेतो.