गबदूच्या शिंगातलं कडं

माझ्या दादाला राग येत नाही. लहानपणापासून नाही. त्यामुळे आमच्या घराण्याचा सगळा राग माझ्या एकटीच्या वाट्याला आला, आणि तो मी जपून वापरते असं मला ओळखणारं कुणी म्हणणार नाही.

शाळेच्या नाटकात त्याला घोड्याचे मागचे पाय मिळाले होते. पुढचे पाय मुख्याध्यापकांच्या भाच्याकडे. नाटक संपल्यावर भाचा घोड्यातून बाहेर आला, त्याने वाकवाकून टाळ्या घेतल्या, आणि दादा कापडाखाली तसाच ओणवा उभा राहिला. का, तर त्याला बाहेर ये म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. मी पहिल्या रांगेतून ओरडले, "अरे, माझा दादा आत आहे." आईने मला असा चिमटा काढला की दंडावर वळ उठला. दादा घरी येऊन म्हणाला, छान झालं ना नाटक. त्याला खरंच तसं वाटत होतं.

पुढे तो गाद्यांच्या कारखान्यात लागला. भरलेल्या गाद्या उचलायच्या, दाबून पाहायच्या, थरावर थर रचायचे. तिथे त्याचं लग्न जमलं, मुलगी झाली, आणि एक दिवस कारखान्याला कुलूप लागलं. मी तेव्हा एका मोठ्या मॉलच्या तळघरात कपडे आखूड-सैल करून देण्याचं दुकान चालवत होते. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा, एक शिलाई मशीन आणि एक पडदा. वरच्या मजल्यावरच्या खेळण्यांच्या दुकानाला गबदूसाठी माणूस हवा आहे हे मला कळलं, आणि मीच दादाला घेऊन गेले.

गबदू कोण ते सांगायला हवं, नाहीतर ज्यांच्या घरात मूल नाही त्यांना काही कळायचं नाही. पडद्यावर खेळायचा एक खेळ आहे. त्यात रानात, गुहेत, तळ्यात नाना तऱ्हेचे प्राणी लपलेले असतात. ते शोधायचे, पकडायचे आणि साठवायचे. गबदू त्यातला एक. निळा, गोल, पाठीवर शेवाळ, कपाळावर एक आखूड शिंग, आणि पाय इतके तोकडे की चालतो की घरंगळतो ते समजत नाही. तो बोलत नाही, चावत नाही, आग ओकत नाही. त्याला पकडायचं तर आधी मारून मारून दमवायचं. दमला की तो दोन्ही हातांनी डोकं धरतो आणि कुशीवर लवंडतो. मग त्याच्या शिंगावर कडं फेकायचं. कडं बसलं की तो तुमचा.

हे सगळं ज्ञान मला ठमीने दिलं. ठमी म्हणजे दादाची मुलगी. वयाच्या मानाने बुटकी आणि वयाच्या मानाने फार शहाणी. वहिनी इस्पितळात कामाला, म्हणून सुट्टीत ठमी दुपारभर माझ्या दुकानात चिंध्यांच्या ढिगावर बसून गबदू पकडायची. मी एकदा विचारलं, तू पकडलेल्या गबदूला दुसऱ्या कुणी मारलं तर? तिने माझ्याकडे अशी कीव करून पाहिलं की मी सुईत दोरा ओवतेय की दोऱ्यात सुई तेच विसरले.

"आत्या, त्याला मारताच येत नाही. कडं बसलं की तो कुणाचातरी असतो. ज्याचं कुणी नसतं त्यालाच मारतात."

गबदूच्या पोटात तिचा बाप आहे हे तिला ठाऊक नव्हतं. आत कोण आहे ते घरीसुद्धा सांगायचं नाही, ही दुकानाची अट. दुसरी अट, आतून आवाज काढायचा नाही. तिसरी, मुलांसमोर डोकं उतरवायचं नाही, काही झालं तरी. दादाने या अटी अशा पाळल्या की जणू त्याच्या जन्माच्या वेळीच कुणी त्याच्या कानात सांगितल्या होत्या. ठमीला त्याने सांगून ठेवलं होतं की बाबा मॉलच्या गोदामात असतात.

सुरुवातीला काम बरं होतं. मुलांचे हात हातात घ्यायचे, फोटोत उभं राहायचं, डुलायचं. एकदा वहिनीबरोबर ठमी आली आणि गबदूच्या पोटाला मिठी मारून उभी राहिली. "सगळ्यांत मला तूच आवडतोस," असं ती त्याच्या पोटाशी तोंड नेऊन म्हणाली. दादा संध्याकाळी ते भलंमोठं डोकं मांडीवर घेऊन माझ्या दुकानात बसला आणि हे मला पुन्हा पुन्हा सांगत राहिला. घरी ती हे मला कधी म्हणत नाही गं, म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. मी त्याला म्हटलं, नाक पूस, अस्तराला लागेल.

मग दुकानात नवा मॅनेजर आला. त्याचे सगळे दात सदा बाहेर, म्हणून तळघरात आम्ही त्याला बत्तिशी म्हणायचो. हा माणूस हसत हसत तुमच्या पोटावर पाय देईल आणि वर विचारेल, आवडलं का? त्याच्या डोक्यातून 'पकडा गबदू' निघालं. मॉलच्या पुढच्या उघड्या चौकात दोर लावायचा, मुलांना फोमच्या काठ्या आणि कडी द्यायची, आणि खेळात जसं करतात तसं गबदूला दमवून पकडायचं. दादाने डोकं धरून उजव्या कुशीवर पडायचं. मी उजव्या बाजूला आतून जाड फोमचे दोन थर शिवून दिले, गादीसारखे. डावीकडेही शिवते म्हटलं, तर बत्तिशी म्हणाला, गबदू जाडा दिसेल. गबदू जाडा दिसेल! जन्मजात भोपळा तो, आणखी काय दिसणार होता?

फोमची काठी लागत नाही, असं ज्यांनी कधी खाल्लेली नाही ते म्हणतात. एकीचं काही नाही. पण दुपारभर मार बसतो, आणि थोराड मुलं काठी उलटी धरून टोकाने ढोसतात. काही बाप तर मुलाच्या हातातली काठी घेऊन स्वतःच हात साफ करून घेत. मुकी बिचारी कुणी हाका, म्हणतात ना, तशातली गत. रोज संध्याकाळी पोशाख माझ्याकडे दुरुस्तीला यायचा. गुडघ्यामागची शिवण उसवलेली, कमरेपाशी टाके तुटलेले. कुठे मार बसला हे मला कापड सांगायचं, दादा नाही. त्याला विचारलं की तो म्हणायचा, मुलंच आहेत गं.

एका पोराने मागून डोकं ओढलं, तेव्हा बत्तिशीने मला मानेपाशी चाप लावायला सांगितले. असे, की बाहेरून दुसऱ्याने उघडल्याशिवाय डोकं निघू नये. मी म्हटलं, आतल्या माणसाला स्वतःला काढता यायला हवं. तो म्हणाला, त्याला कशाला काढायचंय? गबदूच्या डोक्यातला छोटा पंखा बंद पडला होता, त्याचंही मी बोलले. पुढच्या महिन्यात बघू, म्हणाला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याला तिथेच, गिऱ्हाइकांसमोर, सांगितलं की पुढच्या महिन्यापर्यंत तू स्वतः त्यात बसून बघ. तो हसला. दादा मला हाताला धरून खाली घेऊन आला आणि उलट माझीच समजूत काढत बसला.

"सोड ना हे काम," मी म्हटलं.

"ठमीला आवडतो गं तो," दादा म्हणाला. माझं कपाळ.

तो दिवस भर उन्हाचा होता. दुपारी वरून निरोप आला की गबदूची पाठ फाटली आहे, मधल्या सुट्टीत टाके घालायला या. मी सुई, जाड दोरा आणि मोठी कात्री घेतली. ठमी मागे लागली. तिला नको म्हटलं, तर तिने कारण विचारलं. कारण होतं, पण ते सांगायची सोय नव्हती. ती माझ्याआधी जिना चढून गेली आणि मी दोरापाशी पोहोचेपर्यंत काठी आणि कडं घेऊन रांगेत उभीही होती.

चौकातली फरशी तापली होती. बत्तिशी छत्रीखाली उभा राहून माईकवर ओरडत होता. गबदू डुलत होता, पण त्याचं डुलणं मला बरं दिसेना. पाय जागेवरून हलत नव्हते. मी हात करून बत्तिशीला थांबव म्हटलं. त्याने मलाही हात हलवून दाखवला, जणू मी त्याच्याकडे पाहुणी म्हणून आले होते.

ठमीची पाळी आली. तिने हलकेच मारलं, खोटं कशाला बोलू. एकदा पोटावर, एकदा हातावर. गबदूने दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि सगळी रांग आनंदाने ओरडली, कारण दमलेला गबदू असंच करतो हे प्रत्येक मुलाला ठाऊक होतं. तो डोकं उपटायला बघत होता. चाप शोधत होता मानेवर. आणि लोक टाळ्या वाजवत होते.

मग तो पडला. डाव्या कुशीवर. जिथे फोम नव्हता तिथे, धप्पकन. रांगेतून कडी भिरभिरत आली, अंगावर आदळली, आणि ठमीचं कडं नेमकं शिंगात बसलं. "पकडला!" बत्तिशी माईकवर ओरडला. "चला, पुढचा नंबर!" पुढच्या मुलाने काठी उचललीसुद्धा.

मी दोर ओलांडला. एक चाप उघडला, दुसरा हलेना. मीच लावलेला, मीच कात्रीने कापला, अस्तरासकट. डोकं ओढून बाजूला ठेवलं. दादाचा चेहरा कणकेसारखा पांढरा पडला होता, केस कपाळाला चिकटलेले, डोळे मिटलेले. मी त्याच्या गालावर चापट्या मारल्या. रांगेतल्या एका बाईने स्वतःच्या मुलाची बाटली आणून त्याच्या तोंडावर ओतली.

बत्तिशी धावत आला. माईक हाताने झाकून तो माझ्या कानाशी वाकला. दात तसेच बाहेर.

"आधी डोकं घाला त्याचं. मुलं बघतायत."

"बघू देत," मी म्हटलं. "त्यांनी बघावं म्हणूनच काढलंय. तू दवाखान्याची गाडी बोलाव, नाहीतर ही कात्री अजून माझ्या हातात आहे."

तेवढ्यात दादाने डोळे उघडले. वर वाकलेले चेहरे त्याला दिसले. सगळे मुलांचे. आणि त्याने काय केलं असेल? तोंड मिटून घेतलं आणि निळ्या पंजाचा हात जमिनीपासून चार बोटं वर उचलून हलवला, गबदू हलवतो तसा. अटी होत्या ना. माझ्या आयुष्यात मला तेव्हा आला तसा राग कधी आला नाही. त्याचा, बत्तिशीचा, मुख्याध्यापकांच्या भाच्याचा, सगळ्यांचा. बोल रे, मी त्याला हलवून म्हणत होते, बोल, माणूस आहेस तू.

बत्तिशीने पुन्हा माईक उचलला आणि मुलांना सांगितलं की गबदू थोडा वेळ विश्रांती घेऊन परत येतोय, रांग मोडू नका. पुढचा मुलगा काठी घेऊन तसाच उभा होता. त्याला कुणी जा म्हटलं नव्हतं.

ठमी पुढे आली. तिने बापाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग बाजूला पडलेल्या गबदूच्या डोक्याकडे. मला वाटलं आता रडेल. तिने काठी टाकली, वाकून शिंगातलं कडं काढलं, बापाचा हात दोन्ही हातांनी उचलला आणि ते त्याच्या कोपरापर्यंत सरकवलं. मग ती उठून त्या मुलाच्या आणि बत्तिशीच्या समोर जाऊन उभी राहिली.

"हा माझा आहे," ती म्हणाली. "आता याला कुणी मारायचं नाही."