शैलाताईंचा सोमवार

उज्जैनमध्ये श्रावण दोनदा येतो, असं बाहेरच्या माणसाला सांगितलं तर तो आधी हसतो. पण खरंच तसं आहे. हिंदी घरांतला श्रावण आपल्या पंधरवडाभर आधी लागतो आणि राखी बांधली की संपतो. मराठी घरांत तेव्हा जेमतेम निम्मा झालेला असतो, तो पुढे पिठोरीपर्यंत चालतो. महाकाल बिचारा कोणाचंच मन मोडत नाही. त्याची सवारी, म्हणजे पालखीची मिरवणूक, हिंदी श्रावणाच्या पहिल्या सोमवारी सुरू होते आणि मराठी श्रावण सरेपर्यंत दर सोमवारी निघते. आमच्या शैलाताई या दोन श्रावणांच्या मधल्या फटीत पडल्या. अक्षरशः पडल्या, आपटल्या, कोपर सोलून घेतलं.

शैलाताई मूळच्या अमरावतीच्या. नवरा सुधाकर बँकेत होता, त्याची बदली उज्जैनला झाली आणि दोघं इथलेच होऊन बसले. शैलाताईंनी इथल्या शाळेत गणित शिकवलं. पोरं त्यांना थरथर कापायची, आणि बाजारात भेटल्यावर वाकून पाया पडायची. पराग, त्यांचा मुलगा, पुण्याला नोकरीला लागला. सुधाकरराव गेल्यावर त्याने घर विकायचं ठरवलं आणि आईसाठी नानाखेड्यातला ‘विसावा’ शोधून काढला. मराठी मंडळींच्या एका ट्रस्टने चालवलेलं हे ज्येष्ठांचं घर. सगळं ठरवून झाल्यावर त्याने आईला सांगितलं. वाईट मनाने नाही हं. पोरगा गुणाचाच आहे. फक्त विचारायचं राहून गेलं.

पण खोली बघितली आणि शैलाताईंचा राग निवळला. दुसऱ्या मजल्यावरची, पूर्वेची. देवांना कोनाडा, चहाला छोटी शेगडी, आणि खिडकीतून इंदूरच्या बसेस सुटताना दिसायच्या. लग्नाआधी बापाचं घर, नंतर बँकेची क्वार्टर, मग मुलाच्या नावावरचा फ्लॅट. स्वतःची म्हणावी अशी जागा या बाईला पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर मिळाली. त्या खोलीवर त्यांचा जीव जडला तर नवल काय!

विसावा तेव्हा साधासुधा होता. दोन वेळचं जेवण, संध्याकाळी भजन, पत्त्यांचा डाव. मग करोना येऊन गेला आणि सगळ्यांचे डोळे उघडले. त्यात उन्हाळेही असे पडायला लागले की मे महिन्यात म्हातारी माणसं बसल्या जागी सुकायची. तेव्हा ट्रस्टने जयूला व्यवस्थापक नेमलं. जयू उज्जैनचीच, चाळिशीची, एका इस्पितळात मेट्रन होती. तिने न्हाणीघरात कठडे बसवले, गुळगुळीत फरशा उखडून खरबरीत घातल्या, उन्हाळ्यात पाणी प्यायची घंटा सुरू केली. थंडीआधी फ्लूची लस. महिन्याला डॉक्टर. आणि रोजच्या गोळ्या चहाच्या ट्रेवर, ज्याच्या त्याच्या डबीत. शैलाताई प्रत्येक गोष्टीला आधी नाक मुरडायच्या आणि मग गुपचूप तो कठडा धरायच्या.

एका नियमाची मात्र त्यांना धास्ती होती. जो पडला, तो खालच्या मजल्यावर. तिथे नर्सची खोली होती, ऑक्सिजन होता, दिवसरात्र माणूस होतं. पण एका खोलीत दोघं, शेगडी नाही, दाराला कडी नाही. जयूने हे काळजीपोटीच केलं होतं. पण वरच्या मंडळींत खाली जाणं म्हणजे काय, हे कोणी बोलून दाखवायचं नाही. न बोलताही ते सगळ्यांना कळायचं.

त्यात परागने फोनवर बजावून ठेवलं होतं की आई, काही झालं तर मी तुला सरळ पुण्याला आणणार. म्हणजे चक्कर आली तरी खालचा मजला, नाहीतर पुणे. मग शैलाताईंनी काय करावं? त्यांनी चक्कर येणंच बंद केलं. म्हणजे यायची, पण त्या कोणाला सांगायच्या नाहीत.

शैलाताईंना साखर होती. सकाळची एक गोळी न्याहारीबरोबर ठरलेली. आणि श्रावणी सोमवार तर त्या लग्न झाल्यापासून करत आलेल्या. सवारी रामघाटावर पोचून शिप्रेच्या पाण्याने पूजा झाली की मगच तोंडात घास. आधी त्या घाटावर जायच्या, आता हॉलमधल्या टीव्हीवर बघायच्या. पोटात काही नाही आणि वरून साखर उतरवणारी गोळी, हे दोन्ही एका दिवशी झालं तर काय होतं ते जयूला पुरेपूर ठाऊक होतं. म्हणून तिने आणि डॉक्टरांनी ठरवलं, की जे उपास करतात त्यांची सोमवारची गोळी संध्याकाळी, जेवणाबरोबर. उपास सोडा असं सांगून हे लोक ऐकणार नाहीत, मग औषधानेच थोडं सरकून घ्यावं. शहाणपणाचीच गोष्ट होती.

डब्या भरायचं काम निहारिकाकडे. निहारिका विसाव्याची नर्स, उज्जैनच्याच भैरवगढची, लग्नाला फार वर्षं झालेली नव्हती. घरात हिंदी-माळवी, हात हलका, आणि आंटीजी-आंटीजी करत सगळ्यांच्या मागे. हिंदी श्रावण लागला तशी तिने दारोदार जाऊन विचारलं, की सोमवार कोण कोण करतं? शैलाताई म्हणाल्या, मी करते. झालं, तिने त्यांचं नाव धरलं. कोणता श्रावण, हे ना तिने विचारलं, ना यांनी सांगितलं. विचारायचं काय त्यात? ज्याला त्याला वाटतं, श्रावण म्हणजे आपलाच.

पहिले सोमवार त्यामुळे गमतीत गेले. शैलाताईंचा श्रावण लागायचाच होता, त्या सकाळी पोहे-जिलेबी खात होत्या, आणि डबीत गोळी नाही! सकाळची गोळी संध्याकाळवर गेली म्हणून कोण भांडायला जातं? त्यांनी जिलेबी आणखी एक घेतली. मग मराठी श्रावण लागला, त्यांचा उपास सुरू झाला, आणि ते सोमवार छान पार पडले. मग राखी झाली. निहारिकाच्या हिशेबी सावन संपला. सोमवारी सकाळी गोळी पुन्हा डबीत आली.

शैलाताईंनी ती बघितली. क्षणभर वाटलं, विचारावं. पण विचारलं की जयू येणार, साखर तपासणार, चक्कर येते का म्हणणार, आणि मग विषय कुठपर्यंत जाईल कोण जाणे. डॉक्टरांनीच बदललं असेल, असं स्वतःला समजावून त्यांनी गोळी गिळली. दुपारी हातपाय कापायला लागले, घामाने पोलकं भिजलं. त्या खोलीची कडी लावून पडून राहिल्या आणि देवापुढची खडीसाखर तोंडात टाकली. हळूहळू बरं वाटलं. कोणाला ताकास तूर लागू दिली नाही. गणिताच्या बाई, पण इथे साधी बेरीज केली नाही!

पुढचा सोमवार शेवटच्या सवारीचा. अख्खं उज्जैन रस्त्यावर, हॉलमध्ये खुर्च्या मांडलेल्या. शेजारी भय्यासाहेब बसलेले. हे भय्यासाहेब म्हणजे दरबारी कारभाऱ्यांच्या वंशातले, ऐंशी पार केलेले, पत्त्यात लबाडी करणारे. आपण दोन्ही श्रावण पाळतो असं ते छाती काढून सांगायचे, म्हणजे खरं तर दोन्हींचा फराळ हाणायचे. पालखी अजून रस्त्यातच होती. शैलाताई पाणी प्यायला म्हणून उठल्या, दोन पावलं गेल्या आणि कोसळल्या.

भय्यासाहेबांनी निहारिकाच्या नावाने अशी हाक मारली की टीव्हीतले ढोल त्यापुढे फिके पडले. ती धावत आली. बोटाला सुई टोचून साखर बघितली आणि तिचा चेहरा उतरला. ग्लुकोजचं पाणी चमच्याचमच्याने पाजत, त्यांचं डोकं मांडीवर घेऊन ती जमिनीवरच बसून राहिली. शैलाताईंनी डोळे उघडले, तर भय्यासाहेब वाकून विचारत होते, अहो, आज गोळी घेतलीत का? उपास आहे ना तुमचा? निहारिका चमकली. आज कसला उपास, सावन तर गेला ना, म्हणाली. आणि भय्यासाहेबांनी तिला मराठी श्रावण सांगितला. उज्जैनची मुलगी, भादोंतही, म्हणजे हिंदी भाद्रपदातही, सवारी निघते हे लहानपणापासून बघत आलेली. पण कोणी तेव्हा उपास धरून बसलेलं असतं, हे तिच्या मनातच कधी आलं नव्हतं. मागोमाग धावत आलेली जयू स्वतः मराठी, पण तिला उपासातला फक्त साबुदाणा ठाऊक. तिने कपाळावर हात मारला.

पराग मिळेल त्या विमानाने इंदूरला उतरून आला. जयूच्या ऑफिसात सगळे बसले. तो, जयू, ट्रस्टचे अरविंदजी, कोपऱ्यात निहारिका, आणि कोपराला पट्टी बांधलेल्या शैलाताई. पराग भडकलेला होता. त्याचंही चूक नव्हतं, आईच्या काळजीने पोरगा अर्धा झाला होता. त्याचं म्हणणं सरळ होतं. नर्सच्या चुकीने माझी आई जाता जाता वाचली, तिला काढून टाका. आईला मी पुण्याला नेतो. अरविंदजींनी मान डोलावली. नेणार नसाल तर नियमाप्रमाणे खालचा मजला आहेच, म्हणाले.

निहारिका उभी राहिली आणि एवढंच बोलली, “ग़लती मेरी है. मुझे पूछना था.”

शैलाताईंच्या लक्षात आलं, आता आपण गप्प बसलो तर आपल्यावर काहीच येत नाही. दोष त्या पोरीचा. परागची समजूत काढता येईल, अरविंदजींना विनवता येईल, खोली कदाचित वाचेलही. आणि बोललो, तर गेलीच. चक्कर लपवणाऱ्या म्हातारीला दुसऱ्या मजल्यावर एकटी कोण ठेवेल? त्यांच्या डोळ्यांपुढे ती खिडकी आली. मग त्यांना ती मांडी आठवली, आणि आपल्या केसांतून फिरणारा तो हात.

“तिची चूक अर्धी,” त्या म्हणाल्या. “मागच्या सोमवारीही मला असंच झालं होतं. मी दाराला कडी लावून पडून राहिले. डबीत गोळी दिसली तेव्हाच मला शंका आली होती, पण मी विचारलं नाही. खाली जावं लागेल म्हणून भ्याले. हिला काढू नका. मला काय करायचं ते करा.”

परागने आईकडे असं बघितलं, जणू ही बाई त्याला आजच भेटत होती.

मग जयूने आपली खुर्ची ओढून शैलाताईंसमोर आणली. नियम मीच केला होता, म्हणाली, आणि पडणं थांबावं म्हणून केला होता. त्यामुळे पडणं थांबलं नाही, सांगणं थांबलं. आणखी किती जण वर कड्या लावून पडून असतील, देव जाणे. मग तिने विचारलं, “शैलाताई, तुम्हाला कुठे राहायचंय?”

बस, एवढंच. आणि शैलाताई रडायला लागल्या. खोली वाचेल म्हणून नाही, ते तर अजून ठरायचंच होतं. बाप गेला, नवरा गेला, घरं बदलली, गावं बदलली. हा प्रश्न त्यांना आयुष्यात कोणी विचारला नव्हता. त्या रडत रडत म्हणाल्या, माझ्या खोलीत.

मग घासाघीस झाली. अरविंदजींना पटवायला जयूला बरंच बोलावं लागलं. माणूस खाली न्यायच्या ऐवजी नर्सच वर नेऊ या, म्हणाली. दुसऱ्या मजल्यावर निहारिकाची दुसरी खोली, गळ्यात अडकवायची घंटी, आणि दाराला बाहेरून उघडेल अशी कडी. उपासाच्या दिवशी दुपारी साखर बघायची. आणि उपास कोणता, कोणाच्या पंचांगाने, कधी सोडतात, हे प्रत्येकाच्या शेजारी बसून विचारायचं. शैलाताईंकडून एकच वचन घेतलं, की चक्कर आली तर सांगायचं. खाली गेलेल्यांनाही विचारायचं ठरलं. काही जण वर आले. काहींना खालीच बरं वाटत होतं, ते खाली राहिले.

परागने निघताना पुन्हा एकदा विचारलं, या वेळी खरंच विचारलं, येतेस का पुण्याला? शैलाताईंनी त्याच्या गालावरून हात फिरवला.

“तिथे तू मला जपशील रे. पण इथे मला विचारून जपतात. राहू दे मला.”

परागने वाकून नमस्कार केला. जाताना जिन्यात निहारिका दिसली, तिला हात जोडून म्हणाला, मी फार बोललो, माफ करा. ती बिचारी संकोचून भिंतीलाच टेकली. शैलाताई वरून बघत होत्या. देवाने आपल्याला किती दिलं, असं त्यांना त्या घडीला मनापासून वाटलं.

मग हरितालिका आली. ही तीज मात्र दोन्हीकडे एकाच दिवशी. निहारिका सकाळीच ट्रे घेऊन दारात उभी, शिकलेला प्रश्न विचारत, की आंटीजी, आज व्रत है? शैलाताई दरवर्षी करायच्या, सुधाकरराव गेल्यावरही सोडलं नव्हतं. पण या वेळी त्यांनी सांगितलं, पूजा करीन, उपास नाही. कोणी बंदी घातली म्हणून नव्हे, मीच ठरवलंय. आणि गोळी घेऊन समोर बसून उपमा खाल्ला.

खाता खाता त्यांचं लक्ष गेलं. पोरीचे ओठ सुकलेले, हातांवर ताजी मेंदी, आणि ट्रे नेहमीपेक्षा जरा जपून धरलेला. निर्जळी उपास, आणि दिवसभर दोन मजल्यांच्या चकरा.

“तुला गरगरलं तर तू कोणाला सांगतेस गं?” शैलाताईंनी विचारलं.

निहारिका हसली. “हमें कौन पूछता है, आंटीजी.”

शैलाताईंनी तिच्या हातातला ट्रे काढून घेतला, खिडकीजवळची आपली खुर्ची पुढे सरकवली आणि तिला खांद्याला धरून खाली बसवलं.

“मी विचारते. बैस.”